तीन आणे की पंधरा आणे? लोकसभेतला २१ ऑगस्ट १९६३

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलतानाची अडखळ काढून टाकली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज एकाच दिवसाची गोष्ट. बुधवार, २१ ऑगस्ट १९६३, दिल्ली, लोकसभा. त्या दिवशी एका खासदाराने उभं राहून एक आकडा सांगितला: तीन आणे. देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असं त्याचं म्हणणं होतं. पंतप्रधान म्हणाले, पंधरा आणे. मग पुढचे दोनेक आठवडे दिल्लीत या तीन आणि पंधराच्या मधल्या बारा आण्यांवरून भांडण चाललं.

आधी आण्यांचं सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी आणा फक्त म्हणींमध्ये ऐकला असेल. एक रुपया म्हणजे सोळा आणे. चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे १९६३ मध्ये सरकारी हिशेबात आणा संपला होता. पण माणसं सहा वर्षांत मोजायची सवय बदलत नाहीत. आमची आजी अजून 'चार आण्याची अक्कल नाही' म्हणते, तिला पंचवीस पैसे म्हणायला लावून बघा. तर तीन आणे म्हणजे साधारण १९ पैसे आणि पंधरा आणे म्हणजे ९४ पैसे.

आता हे भांडण संसदेत का झालं, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनबरोबर युद्ध झालं आणि आपण हरलो. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक निबंधात येतं, ते इथलं. चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले, म्हणजे आपण ज्या दिवसाबद्दल बोलतोय त्या काळात ते सरकारी बाकांवर होते. युद्धाच्या खर्चासाठी १९६३ च्या अर्थसंकल्पात कर वाढले, सक्तीची बचत योजना आली, सोन्यावर नियंत्रण आलं. अर्थमंत्री मोरारजी देसाई. लोक वैतागलेले होते.

त्यात मे १९६३ मध्ये पोटनिवडणुका झाल्या आणि काँग्रेसला तीन ठिकाणी चांगलाच फटका बसला. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, राजकोटमधून मिनू मसानी आणि फर्रुखाबादमधून डॉ. राममनोहर लोहिया निवडून आले.

फर्रुखाबादमध्ये लोहियांनी हरवलं कोणाला, तर बा. वि. केसकरांना. पुण्यात जन्मलेले हे केसकर म्हणजे १९५२ ते १९६२ या काळातले नभोवाणीमंत्री, ज्यांनी आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी हद्दपार केली होती. त्यांना शास्त्रीय संगीताचा प्रसार करायचा होता. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याला काय ऐकवावं हे वरून ठरवता येत नाही, हे पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. असो, विषयांतर झालं.

लोहिया कोण? गोव्यातल्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीजांची बंदी मोडून ज्यांनी सभा घेतली ते लोहिया. त्या मैदानाला आज त्यांचंच नाव आहे आणि १८ जून हा गोव्यात क्रांतिदिन असतो. १९४२ मध्ये मुंबईत चोरून चालवलेल्या काँग्रेस रेडिओमागेही ते होते. बर्लिनमध्ये डॉक्टरेट केलेली. आणि १९३६ च्या सुमारास काँग्रेसचा परराष्ट्र विभाग सांभाळायला त्यांना नेमलं होतं जवाहरलाल नेहरूंनीच. तेव्हा हे दोघं एकमेकांना अनोळखी नव्हते. १९६२ मध्ये लोहिया थेट नेहरूंच्या फुलपूर मतदारसंघात उभे राहिले आणि हरले. हरणार हे त्यांनाही माहीत असणार. त्या काळात त्यांनी एक पुस्तिका काढली होती, विषय असा की पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतो. आकडा घेऊन भांडायची त्यांची ही जुनी सवय.

आता ऑगस्ट १९६३. कृपलानींनी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वातंत्र्यानंतर लोकसभेत चर्चेला आलेला हा पहिला अविश्वास ठराव. सोळा वर्षांत पहिला! नियम असा की असा ठराव चर्चेला घ्यायचा तर किमान ५० सदस्यांनी उभं राहून पाठिंबा द्यायचा. त्याआधी विरोधकांकडे तेवढी एकत्र माणसंच नसायची. १९६२ च्या निवडणुकीत ४९४ पैकी ३६१ जागा एकट्या काँग्रेसच्या. बाकीचे कम्युनिस्ट, स्वतंत्र, जनसंघ, प्रजासमाजवादी, समाजवादी असे विखुरलेले आणि एकमेकांशीही न पटणारे.

कृपलानी स्वतः १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला तेव्हा, काँग्रेसचे अध्यक्ष होते. आणि गंमत बघा, त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी काँग्रेसमध्येच होत्या. नवऱ्याने ऑगस्टमध्ये काँग्रेस सरकारवर अविश्वास दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये बायको उत्तर प्रदेशची काँग्रेसची मुख्यमंत्री झाली, देशातली पहिली महिला मुख्यमंत्री. त्या घरात रात्री जेवताना काय बोलणं होत असेल?

चर्चा चार दिवस चालली, १९ ते २२ ऑगस्ट. सभापती होते सरदार हुकुम सिंग. सरकार पडणार नाही हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत होतं. चीन, भ्रष्टाचार, महागाई, कर असे सगळे विषय निघाले. आपण थेट तिसऱ्या दिवसावर येऊ.

लोहिया हिंदीत बोलले. हे आज फार साधं वाटेल, पण तेव्हा सभागृहात एका भाषेतलं भाषण त्याच वेळी दुसऱ्या भाषेत कानात ऐकण्याची सोय नव्हती. ती सोय १९६४ मध्ये आली. म्हणजे ज्या खासदाराला हिंदी येत नाही त्याला समोर काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारावं लागणार. लोहियांचा इंग्रजीला विरोध होताच, त्यामुळे ते त्यांच्या बाजूने मागे हटणारे नव्हते. कार्यवृत्तात बघितलं तर इंग्रजी भाषणांच्या मध्येच त्यांचं भाषण देवनागरीत छापलेलं आहे. पानं स्कॅन केलेली आहेत, अक्षरं पुसट, मजकुरात शोध घेतला तर धड काही सापडत नाही. शोधत बसायची तयारी ठेवून वाचावं लागतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. देशातल्या साठ टक्के लोकांची, म्हणजे २७ कोटी माणसांची, रोजची कमाई माणशी तीन आणे आहे. आणि पंतप्रधानांच्या कुत्र्यावर दिवसाला तीन रुपये खर्च होतात. पंतप्रधानांवर स्वतः पंचवीस हजार.

सभागृहात गोंधळ झाला. होणारच. कुत्र्याचं वाक्य लोकांच्या इतकं लक्षात राहिलं की आजही समाजमाध्यमांवर लोहियांचं नाव निघालं की तेच फिरतं. माझं प्रामाणिक मत सांगू? कुत्रा आणायला नको होता. तो आणल्यामुळे बऱ्याच जणांना मूळ आकड्याकडे दुर्लक्ष करायला सोयीचं निमित्त मिळालं. लोहियाप्रेमी श्रोते आता मला मेसेज करतील, करा.

नेहरूंनी तीन आण्यांचा आकडा साफ नाकारला. त्यांचं उत्तर होतं पंधरा आणे. २२ तारखेला चर्चेला उत्तर देताना त्यांचा एकूण सूर असा होता की अविश्वास ठराव सरकार घालवून त्याची जागा घेण्यासाठी असतो, इथे तशी कोणाला आशाच नव्हती, त्यामुळे ही चर्चा रंजक आणि उपयोगी असली तरी जराशी अवास्तव आहे. मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ६२, विरुद्ध ३४७. संपला विषय.

पण आकडा संपला नव्हता. आता इथे मला थोडं इंजिनिअरगिरी करू द्या.

पंधरा आणे कुठून आले? पंधरा आणे रोज म्हणजे वर्षाचे साधारण ३४२ रुपये. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४४ कोटी. ४४ कोटी गुणिले ३४२ म्हणजे जवळपास पंधरा हजार कोटी रुपये. त्या काळात राष्ट्रीय उत्पन्न याच घरात होतं. म्हणजे नेहरूंचा आकडा खोटा नव्हता. देशाचं सगळं उत्पन्न घेतलं, सगळ्या माणसांनी भागलं, पंधरा आणे आले. सरासरी.

लोहिया सरासरीबद्दल बोलतच नव्हते. ते खालच्या साठ टक्क्यांबद्दल बोलत होते. दोघांची उत्तरं वेगळी होती कारण प्रश्नच वेगळे होते, आणि सभागृहात बसलेल्या बहुतेकांना त्या दिवशी असं वाटलं असणार की दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय.

मला हे एकदम जवळचं वाटलं त्याचं कारण सांगतो. मागे एका नोकरीत आमचं एक ॲप होतं. दर सोमवारी मोठ्या स्क्रीनवर तक्ता लागायचा: पान उघडायला लागणारा सरासरी वेळ, १.२ सेकंद. हिरवा रंग. सगळे खूश. आणि सपोर्टकडे तालुक्याच्या गावांतून तक्रारी यायच्या की ॲप उघडतच नाही. आम्ही म्हणायचो, तुमचं नेटवर्क बघा. एक दिवस एका ज्युनिअर मुलीने सरासरी काढून टाकली आणि सगळ्यात हळू चालणाऱ्या दहा टक्के लोकांचाच आलेख लावला. त्यांना अकरा सेकंद लागत होते. जुने फोन, कमी मेमरी. आमची सरासरी बरोबरच होती, गणितात कुठे चूक नव्हती. पण ते दहा टक्के लोक आमच्या स्क्रीनवर नव्हतेच. मीटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया काय आली असेल? 'हा आकडा कुठून आणला?' आधी त्या मुलीलाच उलटतपासणी.

तर ६ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत खास या विषयावर चर्चा झाली. भारतीय माणसाचं रोजचं उत्पन्न किती? मला राहून राहून वाटतं की ही खरी मोठी घटना आहे आणि पाठ्यपुस्तकात ती एका ओळीतही नाही. अविश्वास ठरावात ३४७ विरुद्ध ६२ ने हरलेला माणूस दोन आठवड्यांनी संपूर्ण सभागृहाला आपल्या आकड्यावर बोलायला लावतो.

त्या वादात नियोजन खातं सांभाळणारे गुलझारीलाल नंदा यांनी सरकारच्या बाजूने सांगितलं की या खालच्या साठ टक्क्यांचा आकडा तीन आणे नाही, साडेसात आणे आहे.

जरा थांबा इथे. पंधराचे साडेसात झाले. सरकारने लोहियांना खोडून काढलं, बरोबर, तीनच्या अडीचपट आकडा दिला. पण तो देताना सरकारने लोहियांचा प्रश्न मान्य केला. आता सगळ्यांची सरासरी बाजूला राहिली आणि खालच्या साठ टक्क्यांचं काय, यावरच बोलणं सुरू झालं.

पुढचा हिशेब माझा आहे, संसदेतला नाही. मोबाईलवर करून बघा. ४४ कोटी माणसं, माणशी पंधरा आणे, म्हणजे देशाची रोजची कमाई ६६० कोटी आणे. खालच्या २७ कोटींना साडेसात आणे धरले तर त्यांच्या वाट्याला सुमारे २०२ कोटी आणे. म्हणजे साठ टक्के माणसांना तीस टक्के कमाई. उरलेल्या १७ कोटींना माणशी जवळपास २७ आणे. हे सरकारच्या आकड्याने. लोहियांचे तीन आणे धरले तर खालच्यांना फक्त बारा टक्के आणि वरच्यांना माणशी ३४ आणे. वरच्या १७ कोटींमध्येही बहुतेक आपल्या तुपल्यासारखी साधीच माणसं आली, कारकून, मास्तर, दोन एकर बागायतवाले. खरे श्रीमंत त्यात मिठाएवढे.

दुसरी एक गोष्ट. या वादाच्या आदल्या वर्षी, १९६२ मध्ये, नियोजन आयोगाच्या एका अभ्यासगटाने ठरवलं होतं की खेड्यातल्या माणसाला जगायला महिन्याला किमान २० रुपये लागतात, १९६०-६१ च्या किमतींनी. त्यात दवाखाना आणि शिक्षण धरलेलं नव्हतं, ते सरकार देईल असं गृहीत. त्या गटात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. वीस रुपये महिना म्हणजे दिवसाला साधारण पावणेअकरा आणे. आणि नंदांचे साडेसात आणे म्हणजे महिन्याला १४ रुपये. म्हणजे सरकारच्याच किमान रेषेच्या खाली सरकारच्याच आकड्याने साठ टक्के लोकांची सरासरी होती. लोहियांचा आकडा पूर्ण विसरा, फेकून द्या. तरी हे उरतंच.

नेहरूंवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. हा प्रश्न सगळ्यात आधी त्यांनीच विचारला होता. ऑगस्ट १९६० मध्ये, तिसऱ्या पंचवार्षिक योजनेवर बोलताना, लोकसभेतच. दोन योजनांमधून देशाचं उत्पन्न वाढलं, मग ते वाढलेलं उत्पन्न गेलं कुठे, कोणाकडे, हे तपासायला हवं असं ते म्हणाले होते. त्यावरून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाचा पहिला भाग आला फेब्रुवारी १९६४ मध्ये. म्हणजे २१ ऑगस्ट १९६३ ला लोहिया आणि नेहरू भांडत होते तेव्हा त्याच प्रश्नावर नेमलेली सरकारी समिती काम करत बसली होती, उत्तर अजून आलं नव्हतं. मला वाटतं नेहरूंना पंधरा आण्यांच्या मर्यादा पूर्ण माहीत होत्या. पण समोर अविश्वास ठराव, समोर लोहिया, आणि वर कुत्रा. माणूस अशा वेळी आपल्याला सोयीचा आकडा पुढे करतो. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मीही केलाय.

आता, तीन आणे बरोबर होते का?

मी हे आजीला विचारलं. आजी सांगोला तालुक्यातली. १९६३ मध्ये ती अठरा-एकोणीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, वडिलांबरोबर दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. मी फोनवर म्हटलं, 'आजी, तेव्हा तुला रोज किती मिळायचा गं?'

'मला बारा आणं. बाला सवा रुपया. पर रोज कुठलं काम? पाऊस पडला तर.'

'आणि घरात माणसं किती?'

'नऊ तोंडं खाणारी.'

मी लगेच भागाकार केला. बारा आणे अधिक वीस आणे, बत्तीस. भागिले नऊ. माणशी साडेतीन आणे, तेही काम असलेल्या दिवशी. क्षणभर अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. वाटलं, सापडला पुरावा!

मग आजी म्हणाली, 'पर सुगीला जोंधळं मिळायचं की मापानं. आन् शेळ्या हुत्या. ते कुठं धरलंस तू?'

नव्हतं धरलं. जोंधळ्याचे किती आणे धरायचे, शेळीच्या दुधाचे किती, शेणीच्या गोवऱ्यांचे किती? पैसा हातात येतच नाही तिथे उत्पन्न मोजायचं कसं, हाच तर मुद्दा आकडेवारीवाल्यांना छळत होता. आणि एक आजी म्हणजे काही सँपल नव्हे. त्यामुळे मी तो साडेतीनचा आकडा बाजूला ठेवला. पण एक गोष्ट मला त्या फोनमुळे कळली, जी कार्यवृत्त वाचून कळली नव्हती. तीन आणे ऐकून ज्या लोकांना हसू आलं असेल, त्यांच्या डोक्यात मजुरी होती. मजुराला रुपया-सवा रुपया तर मिळतो, मग तीन आणे कसे, असं. तो भागिले नऊ त्यांच्या डोक्यात नसणार. आणि भागिले रिकामे दिवस.

अभ्यास करून दिलेलं उत्तर पुढे पुण्यातूनच आलं. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर एक अभ्यास केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी उत्पन्न न धरता खर्च धरला, म्हणजे माणूस प्रत्यक्षात किती आणि काय खातो-वापरतो ते. घरचं धान्यही किंमत लावून त्यात आलं. म्हणजे आजीचे जोंधळे धरले! माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो, त्यावरून त्यांनी रेषा आखली: १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि त्यांना दिसलं की खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं त्याच्या खाली आहेत.

पंधरा रुपये महिना म्हणजे दिवसाला किती? बरोबर आठ आणे.

म्हणजे खेड्यातल्या दर दहा माणसांमागे चार जणांचा रोजचा सगळा खर्च, धान्य-शेणी-शेळी धरून, आठ आण्यांच्या आत. या हिशेबाने लोहियांचे तीन आणे कमीच पडतात. खालच्या सगळ्या साठ टक्क्यांना तीन आणे लावणं टिकत नाही, उत्पन्न आणि खर्च यातला फरक मान्य करूनही नाही. नंदांचा साडेसात जास्त जवळचा वाटतो. आणि नेहरूंचे पंधरा? शहरातल्या अर्ध्या माणसांचा खर्च महिन्याला साडेबावीस रुपयांच्या, म्हणजे दिवसाला बारा आण्यांच्या, आत होता. पंधरा आण्यांपर्यंत देशातली किती माणसं पोचत होती ते तुम्हीच बघा.

उरलेल्या माणसांचं पटकन सांगतो. २२ ऑगस्टला मतदान झालं आणि दोनच दिवसांनी कामराज योजनेखाली सहा केंद्रीय मंत्री बाहेर पडले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम आणि आपले स. का. पाटीलही, जे अन्न आणि शेती खातं बघत होते. अविश्वास ठरावाने एकही मंत्री हलला नव्हता, पक्षाने स्वतःच सहा काढले. नेहरू २७ मे १९६४ ला गेले. लोहिया १२ ऑक्टोबर १९६७ ला, दिल्लीच्या विलिंग्डन हॉस्पिटलमध्ये. त्या हॉस्पिटलला आता त्यांचंच नाव आहे.

त्या दिवसाचं कार्यवृत्त संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतं. तिसरी लोकसभा, ऑगस्ट १९६३. फाईल मोठी आहे, वायफायवर उघडा. कुत्र्यापाशी थांबू नका, पुढे वाचा.

आणि एक काम सांगतो. तुमच्या घरात कोणी साठच्या दशकात रोजाने गेलेलं असेल, आजी, आजोबा, शेजारच्या काकू, तर त्यांना विचारून मला आवाजी मेसेज पाठवा. गाव कुठलं, साल साधारण कुठलं, बाईला किती, गड्याला किती, वर्षातले किती महिने काम असायचं. धान्य मिळत असेल तर कुठल्या मापाने. आणि घरात खाणारी तोंडं किती होती तेवढं विसरू नका, त्याशिवाय मला भागाकार करता येणार नाही.